एका घटकेचें जेवण

संध्याकाळचे सात वाजून गेलेले असतात. घरची मंडळी कामावरून परतलेली असते. कोणाला भूक लागलेली असते, कोणाला नुसतें स्वस्थ बसावेंसें वाटत असतें, आणि त्या दिवशीं चूल जिच्या अथवा ज्याच्या वांट्याला आली असेल त्या माणसापुढें नित्याचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळीं मुंबईच्या मत्स्याहारी घरांत एक उत्तर पिढ्यानुपिढ्या ठरलेलें आहे. भाताचें आधण ठेवावें, सकाळीं कोळणीकडून घेतलेले बोंबील धुऊन त्यांना हळद, मीठ व तिखट लावावें, लसणीच्या चार पाकळ्या ठेचून तेलांत टाकाव्या, आणि वर चिंचेचा कोळ घालावा. भात मऊ होण्याच्या आधींच कालवण तयार असतें. सारा खटाटोप एका घटकेचा, म्हणजे घड्याळाच्या हिशोबानें चोवीस मिनिटांचा.

इतक्या थोड्या वेळांत उरकणाऱ्या जेवणाला इतिहास तो कसला असणार, असें कोणासही वाटेल. राजेरजवाड्यांच्या पंगतींचीं वर्णनें बखरींत व काव्यांत हवीं तितकीं सांपडतात. गरिबाच्या रोजच्या कालवणाची नोंद ठेवण्याची फुरसत कोणाला असते? परंतु या एका कालवणाची नोंद एका परकीय गृहस्थानें करून ठेविली आहे, आणि ती जवळजवळ साडेतीनशें वर्षांपूर्वींची आहे.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शस्त्रवैद्य. तो १६७३ सालीं मुंबईस आला. त्या वेळची मुंबई म्हणजे कांहीं लहान बेटें, मधून खाड्या, भरतीबरोबर पाण्याखालीं जाणाऱ्या खाजणी, नारळीच्या वाड्या आणि भातशेतें, एवढाच पसारा होता. १६६१ च्या विवाहकरारानें मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली, आणि १६६८ मध्यें राजानें ती कंपनीच्या हवालीं केली. फ्रायरचें प्रवासवृत्त १६९८ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झालें. त्यांत किल्ला, दारूगोळा, व्यापार, रोगराई यांचीं वर्णनें करतां करतां तो माझगांवाकडे वळतो. हें मासेमारीचें मोठें गांव असून एका विशिष्ट माशासाठीं त्याची ख्याति आहे, असें तो सांगतो. माशाचें नांव इंग्रजी वळणावर जाऊन थोडें वांकडें झालें आहे, पण तें बोंबलाचें आहे याविषयीं शंका राहत नाहीं. गोरगरिबांचा निर्वाह या माशावर व भातावर चालतो, असेंही तो म्हणतो. आणि गंमत अशी कीं, भातासाठीं त्यानें आपल्या भाषेंतला शब्द न योजतां येथलाच शब्द उचलला आहे.

फ्रायर हें लिहीत होता त्याच दिवसांत रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाची सिद्धता चालू होती. १६७४ च्या त्या समारंभास कंपनीनें हेन्री ऑक्झेंडन यास वकील म्हणून पाठविलें, व त्या वकिलातीची हकीगतही फ्रायरच्या पुस्तकांत आली आहे. त्यांत एक मौज आहे. इंग्रजांना मांस पुरविणारा एक म्हातारा खाटीक हीं माणसें असतात तरी कशीं तें पाहण्यासाठीं मुद्दाम गड चढून वर आला. कारण त्या मूठभर पाहुण्यांनीं थोडक्या दिवसांत जेवढें मांस फस्त केलें, तेवढें त्या बिचाऱ्याचें कित्येक वर्षांत खपलें नव्हतें. ज्या पुस्तकांत साहेबाच्या भुकेची ही गोष्ट आहे, त्याच पुस्तकांत माझगांवच्या गरिबाच्या पानांत काय वाढलेलें असे तें एका ओळींत सांपडावें, हा योग विरळाच. आपल्या बखरकारांनीं मात्र त्या पानाकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं.

मासळीच्या वासाशीं इंग्रजांचें कधीं जमलें नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. नारळीच्या बुडाशीं लहान मासळीचें खत घालण्याची मुंबईंत जुनी वहिवाट होती. त्या कुजक्या मासळीनें हवा बिघडते व त्या हवेनें माणसें मरतात, असा सतराव्या शतकांतील इंग्रजांचा समज होता. ऑव्हिंग्टन नांवाच्या पाद्र्यानें तर मुंबईंत माणसाचें आयुष्य दोन पावसाळ्यांचें, अशा अर्थाची एक म्हणच नोंदवून ठेविली आहे. हिंवतापाचा प्रसार डासांमुळें होतो हें रोनाल्ड रॉस यानें दाखवून दिलें तें १८९७ सालीं. तोंपर्यंत दोनशें वर्षें खाजणींतल्या डासांचा अपराध बिचाऱ्या मासळीच्या माथीं मारला गेला.

आतां बोंबील इतक्या लवकर शिजतो तरी कां, हें पाहूं. याचें उत्तर चुलींत नसून माशाच्या देहांत आहे. शंभर भार ताजा बोंबील घेतला तर त्यांतील पंचाऐंशींहून अधिक भार नुसतें पाणी असतें. हाडें इतकीं कोंवळीं कीं मधला कांटा सोडला तर बाकीचीं दांताखालीं जाणवतही नाहींत. खवले नांवापुरते. बकऱ्याच्या मांसांत तंतूंना बांधून ठेवणारे चिवट पडदे असतात व ते मऊ होण्यासाठीं तास-दीड तास विस्तव लागतो; माशांत असे पडदे मुळांतच थोडे, आणि बोंबलांत तर ते जवळजवळ नाहींतच म्हटलें तरी चालेल. म्हणून उकळी फुटली कीं पांच-सात मिनिटांत काम संपतें, आणि त्यापुढें तो चुलीवर राहिला तर कालवणांत विरघळून जातो. बोंबलाच्या कालवणांत पळी घालूं नये, भांडें दोन्ही बाजूंनीं फडक्यानें धरून हलवावें, हा जो दंडक घरोघरच्या आज्या सांगत आल्या, त्याचें कारण हेंच. तळलेल्या बोंबलाची गोष्ट निराळी. तो चिरून, उघडून, दोन पाटांच्या मध्यें घालून वर वरवंटा ठेवावा लागतो व त्याच्या अंगचें पाणी निथळूं द्यावें लागतें. मग तांदळाच्या पिठांत घोळवून तव्यावर. त्याला अर्धा-पाऊण तास जातो. तेव्हां घटकेच्या जेवणाचा मान कालवणाचाच.

हा मासा सर्व समुद्रांत सारखा मिळत नाहीं. सौराष्ट्राच्या जाफराबादपासून रत्नागिरीपर्यंतच्या किनाऱ्यावर त्याचे थवेच्या थवे येतात; त्याच्या दक्षिणेस त्याचें प्रमाण उतरत जातें; आणि मग तो पुन्हां भरपूर भेटतो तो एकदम बंगालच्या उपसागराच्या माथ्याशीं, गंगेच्या मुखांजवळ. तिकडे त्याला लोटे म्हणतात. शास्त्रीय जगांत त्याचें पहिलें वर्णनही तिकडूनच गेलें: फ्रान्सिस हॅमिल्टन यानें गंगेंतील मत्स्यांविषयींच्या आपल्या १८२२ च्या ग्रंथांत त्याला स्थान दिलें. म्हणजे ज्या माशाच्या इंग्रजी नांवांत मुंबई आहे, त्याला शास्त्रांत दाखल होण्यासाठीं बंगालची वाट धरावी लागली.

मुंबईच्या कोळ्यानें त्याला धरण्यासाठीं जें साधन योजिलें तें डोल. गळ नव्हे, फेंकण्याचें जाळेंही नव्हे. डोल म्हणजे एक प्रचंड लांबच लांब पिशवी. तोंडाशीं रुंद, शेवटाकडे निमुळती होत गेलेली. समुद्राच्या तळाशीं रोंवलेल्या खुंटांना तिचें तोंड बांधतात व तें वाहत्या पाण्याच्या समोर धरतात. भरतीओहोटीचा ओघ जाळ्यांतून वाहतो, त्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी हीं आंत शिरतात, आणि पाणी फिरण्यापूर्वीं जाळें वर ओढावयाचें. कोळ्याचें घड्याळ त्यामुळें सूर्यावर नसून चंद्रावर चालतें. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाचा ओघ जोरकस असतो, तेव्हां मासळी भरपूर. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतें, त्याला भांग म्हणतात, तेव्हां होड्या बहुधा काठावर. वसई, अर्नाळा, सातपाटी, उत्तन, वर्सोवा या गांवांचा सारा संसार या दोन शब्दांभोंवतीं फिरत आला आहे. बाजारांत बोंबील कधीं स्वस्त होतात व कधीं महाग, याचा पंचांगाशीं संबंध आहे, हें श्रोत्यांपैकीं ज्यांना ठाऊक नसेल त्यांनीं पुढच्या अष्टमीस बाजारांत जाऊन पाहावें.

ताजा बोंबील टिकत नाहीं. ज्याच्या अंगांत एवढें पाणी, तो उन्हांत दोन-चार तासांत बिघडतो. मुंबईस बर्फ आला तो १८३४ च्या सुमारास, अमेरिकेहून गलबतांत भरून; पण तो सरदार-शेटजींच्या पेयांसाठीं व मलईसाठीं, कोळणीच्या पाटीसाठीं नव्हे. मग जास्तीच्या मासळीचें करावयाचें काय? कोळ्यांनीं वाऱ्याला कामास लावलें. किनाऱ्यावर उभे बांबू पुरून त्यांना आडवे दोर अथवा वासे बांधतात. या मांडवाला वलांडी म्हणतात. दोन बोंबील घ्यावयाचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकवावयाचा, आणि ती जोडी दोरावर टाकावयाची. बोंबलाचे दांत बारीक व आंत वळलेले असल्यामुळें ती पकड सुटत नाहीं. दोरा नको, खिळा नको, गांठ नको. मिठाचीही गरज फारशी पडत नाहीं. पावसाळा सरल्यावरची कोरडी हवा व ऊन मिळून दोन-तीन दिवसांत त्याचें पाणी शोषून घेतात, आणि जो मासा हातांत धरवत नव्हता तो काडीसारखा कडक होऊन बसतो. कृश माणसाला सुका बोंबील म्हणण्याची जी आपली रीत आहे, ती वलांडीवरची ही जोडी पाहिल्यावर अगदीं पटते.

या सुक्या बोंबलानें मुंबईची शींव ओलांडली. पहिल्यानें बैलांच्या पाठीवरून व डोक्यावरील हाऱ्यांतून तो घांटावर जात असे. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी वर चढली, आणि देशावरच्या आठवड्याच्या बाजारांत समुद्राचा हा वाळलेला पाहुणा नेहमींचा झाला. साहेबांच्या जेवणाच्या मेजावरही तो गेला, भाजून, चुरून, भाताच्या व कढीच्या वर पेरण्यासाठीं. तेथें त्याला ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचें बदक, असें नांव पडलें. या नांवाची एक लोकप्रिय उपपत्ति सांगतात. सुके बोंबील मुंबईच्या डाकगाडीनें जात, त्या गाडीला ‘बॉम्बे डाक’ म्हणत, आणि त्या डाकेचें पुढें डक झालें. गोष्ट मोठी चटकदार आहे. दोष एवढाच कीं ती खरी असूं शकत नाहीं. बोरीबंदर ते ठाणें ही आपली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं सुटली. आणि बोंबलाचें हें इंग्रजी टोपणनांव १८२९ मध्यें छापलेल्या पुस्तकांतही आढळतें. गाडीच्या आधीं गाडीचा वास कोठून येणार? मुंबई इलाख्यांतील इंग्रजांनाच त्या वेळीं इतर इलाख्यांचे लोक थट्टेनें बदकें म्हणत. शहराचें अधिकृत इंग्रजी नांव १९९५ मध्यें मुंबई झालें, तरी बदकाच्या नांवांतली जुनी मुंबई कोणी काढलेली नाहीं.

कालवणाच्या रंगाकडे वळलें कीं इतिहासाचें आणखी एक पान उघडतें. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या भूमीवर माशाच्या पाकक्रियेचें जुनें वर्णन हवें असेल तर तें कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत आहे. हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. राजानें मासे धरण्याच्या विनोदावर एक प्रकरण लिहिलें, माशांच्या जाती व त्यांचीं आमिषें सांगितलीं, आणि भोजनाच्या प्रकरणांत मासा धुऊन, तुकडे करून, चिंचेच्या आंबटाबरोबर, तेलांत कसा सिद्ध करावा तेंही सांगितलें. आंबट, तेल, मीठ, हळद या साऱ्या ओळखीच्या गोष्टी. पण तिखटपणा मिऱ्याचा. मिरची तेथें नाहीं व असणें शक्यही नव्हतें. मिरचीचें झाड अमेरिका खंडांतलें. कोलंबस तिकडे गेला १४९२ मध्यें, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्यें, पोर्तुगिजांनीं गोवें घेतलें १५१० मध्यें. आणि त्या शतकांत केव्हांतरी त्यांच्या गलबतांतून ही तांबडी पाहुणी आपल्या किनाऱ्यास लागली. तिला आपण नांवही मिऱ्यावरून दिलें. ज्या लालभडक कालवणाला आज कोळीवाड्याची सनातन खूण मानतात, त्याचा लालपणा अशा रीतीनें पांचशें वर्षांच्या आंतला आहे. आंबटपणा मात्र पुरातन आहे. मुंबईच्या उत्तरेस चिंच अथवा कैरी, दक्षिणेस जावें तसें कोकम व आगळ. आणि हीं आंबटें नुसतीं चवीचीं नव्हेत, मऊ बोंबलाला तीं जरा घट्टही करतात.

एकाच माशावर एकाच शहरांत किती घराण्यांनीं आपले शिक्के मारले, तें पाहिलें म्हणजे कौतुक वाटतें. पाठारे प्रभूंचें भुजणें घ्या. कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, तेल व मीठ हातानें कुस्करून त्यांत बोंबील ठेवावयाचे व पाणी जवळजवळ न घालतां झांकण ठेवून शिजवावयाचे; वाटण नाहीं, फोडणी नाहीं. या ज्ञातींतील लक्ष्मीबाई धुरंधर यांनीं १९१० मध्यें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत सासूच्या तोंडून सुनेच्या कानीं जाणारी ही विद्या छापील अक्षरांत आली, आणि ज्या मुलींना सासू दूर गांवीं होती त्यांची मोठी सोय झाली. पारशी मंडळींनीं सुक्या बोंबलाला गूळ व आंबट यांची जोड देऊन तारापुरी पातियो केला. त्याच्या नांवांत पालघरकडील तारापूर अजून आहे. वसई-साष्टीच्या ख्रिस्ती समाजानें, ज्यानें १८८७ मध्यें ईस्ट इंडियन हें नांव घेतलें, उन्हाळ्यांत वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत ठांसून भरण्याची चाल पाडली व त्याचें नांवच बाटलीचा मसाला पडलें. हा मसाला घटकेच्या जेवणाचा अर्धा आधार आहे. वैशाखांत उखळांत घातलेला घाम आषाढांतल्या संध्याकाळीं चिमटीनें काढून घ्यावयाचा.

परंतु बोंबलाचें खरें राज्य आलें तें गिरण्यांबरोबर. कावसजी दावर यांनीं १८५४ मध्यें मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी येथें धुराडीं उभीं राहिलीं. रत्नागिरीकडून, सातारा-पुण्याकडून माणसें आलीं. बायकामुलें गांवीं, आणि येथें एका खोलींत दहा-पंधरा बिऱ्हाडकरू. पाळी संपवून आलेल्या माणसाजवळ वेळ नव्हता, जागा नव्हती, पैसाही नव्हता. सुका बोंबील या तिन्ही उणिवांवर पुरून उरला. निखाऱ्यावर धरला कीं तो दोन मिनिटांत खरपूस होतो. हातानें चुरून त्यांत कच्चा कांदा, तिखट व तेलाचा थेंब घातला कीं भाकरीला दुसरें कांहीं लागत नाहीं. स्वीडनमध्यें १८९२ सालीं निघालेला प्रायमस स्टोव्ह पुढें चाळींतून आल्यावर तर निखाऱ्याचीही वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. भाजलेल्या बोंबलाचा वास तिसऱ्या मजल्यावरून पहिल्यापर्यंत उतरतो, आणि त्यावरून चाळींत होणारीं भांडणें हा एक स्वतंत्र इतिहासाचा विषय होईल! ज्याच्या घरीं तो भाजला जातो त्याला तो सुवास, शेजाऱ्याला ती दुर्गंधि. आणि शेजारीही मत्स्याहारी असला तर त्याचा राग आपल्याला बोलावलें नाहीं म्हणून असतो.

या एकट्या पुरुषांना जेवूं घालणाऱ्या बायकांना खाणावळवाल्या म्हणत. स्वतःच्याच खोलींत दहा-वीस गड्यांचें दोन वेळचें शिजवावयाचें, महिन्याच्या अखेरीस पैसे घ्यावयाचे, आणि संप झाला तर उधारीवर जेवूं घालावयाचें, असा त्यांचा व्यवहार. त्यांच्या कष्टांची दखल उशिरा घेतली गेली. प्रेमा पुरव यांनीं १९७५ मध्यें अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना सावकाराच्या तावडींतून सोडविण्याचें काम हातीं घेतलें. पुढें १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि बहुतेक खाणावळींच्या चुलीही त्यांच्याबरोबर विझल्या.

खाणावळवालीच्या श्रमांचा हिशोब जसा कोणी मांडला नाहीं, तसाच कोळणीच्या श्रमांचाही नाहीं. गृहिणीच्या घड्याळांत जेवण एका घटकेचें असतें खरें. पण तें घड्याळ ती बोंबील हातीं घेते तेव्हां सुरू होतें. त्याआधीं काय झालेलें असतें? रात्रीं पाणी फिरण्याच्या वेळीं होडी डोलीपाशीं गेलेली असते. पहाटे मासळी धक्क्याला लागते. फ्रायरनें नांवाजलेल्या माझगांवांत भाऊच्या धक्क्यावर ती आजही उतरते, तशी १८७५ मध्यें बांधलेल्या ससून गोदींतही उतरते. कोळीण तेथें अंधारांत हजर. लिलांवांत माल उचलावयाचा, पाटी भरावयाची, आगगाडीच्या मालाच्या डब्यांतून अथवा टेंपोंतून बाजार गांठावयाचा, आणि मग उन्हांत बसून एकेक वांटा लावावयाचा. डोकीं, पर, शेपट्या कापून देणें हेंही तिच्याकडेच. गिऱ्हाईक मात्र ‘मावशी, दोन जास्त टाक’ म्हणून तिच्याशीं भाव करणार, आणि ती ‘ताई, परवडत नाय’ म्हणत एक बोंबील जास्त टाकणार. या साऱ्या तासांची बेरीज केली तर घटकेच्या जेवणाला अहोरात्र लागलेलें दिसेल. तो वेळ नाहींसा झालेला नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या तरी दिवसांतून घेतलेला असतो.

आणि आतां त्या पाटींतच उणें पडूं लागलें आहे. बारीक आंसांच्या जाळ्यांत बोंबलाचीं पिल्लें मोठ्या संख्येनें सांपडतात; तीं वाढण्यापूर्वींच बाजारांत आलीं तर पुढच्या हंगामाला मासा कोठून यावा? म्हणून महाराष्ट्र शासनानें २०२३ मध्यें अनेक जातींच्या माशांचें किमान आकारमान ठरवून दिलें, त्यांत बोंबलासाठीं १८० मिलिमीटर, म्हणजे सुमारें वीतभर, हें माप आहे. त्याच वर्षीं राज्यमाशाचा बहुमान द्यावयाचा ठरला तेव्हां तो पापलेटला मिळाला. पापलेट रूपवान आहे, श्रीमंत आहे, त्याविषयीं तक्रार नाहीं. पण साडेतीन शतकें ज्यानें या शहराची भूक भागविली त्याची आठवण त्या बैठकींत कोणा एकाला तरी झाली असेल, अशी आशा करावी.

परदेशांतही त्याच्यावर एकदां संकट आलें होतें. १९९७ मध्यें युरोपीय संघानें असा नियम लावला कीं, भारतांतून येणारी मासळी मान्यताप्राप्त कारखान्यांतूनच आली पाहिजे. बोंबील तर उघड्या वाऱ्यावर वाळणारा. त्याचा कारखाना म्हणजे समुद्राचा काठ. त्यामुळें त्याची आयात बंद पडली. इंग्लंडमधल्या त्याच्या चाहत्यांनीं, ज्यांत गोऱ्यांचाही भरणा होता, त्याच्या सुटकेसाठीं चळवळ केली, आणि शेवटीं वाळवण पूर्वींप्रमाणेंच वाऱ्यावर होऊं द्यावें पण भरणी मान्य ठिकाणीं व्हावी अशी तोड निघाली. ज्या लोकांच्या पूर्वजांनीं मासळीच्या वासानें माणसें मरतात असें लिहून ठेविलें, त्यांच्याच वंशजांनीं त्या वासासाठीं अर्ज करावे, हें पाहून फ्रायरलाही हंसूं आलें असतें.

वर्सोव्याला, उत्तनला, सातपाटीला आजही हिंवाळ्यांत वलांड्या उभ्या राहतात, मात्र कित्येक ठिकाणीं वाळवणाच्या जागेवर इमारतींची सांवली पडूं लागली आहे. वैशाख संपत आला कीं दोर सुटतात, बांबू पागोळीच्या आंत रचले जातात, आणि शेवटचा माल मरोळच्या व इतर सुक्या बाजारांत येतो. मुंबईंतल्या बायका तेथें जाऊन बोंबील मोडून पाहतात. कट् असा आवाज आला तर घेतात, वांकला तर परत टाकतात. घरीं आणून ते पुन्हां एकदां गच्चीवर उन्हांत घालतात व घट्ट झांकणाच्या डब्यांत भरतात. मग केव्हांतरी आषाढाची झड लागते, होड्या काठावर ओढलेल्या असतात, बाजार रिकामा असतो, आणि संध्याकाळीं सात वाजतां कोणीतरी तो डबा खालीं काढून भाताचें आधण ठेवतें.